सांडव्यावर पोती रचावीत का?

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाटबंधारे खात्याचा मातीचा तलाव आहे. सांडवा चांगला तीनशे फूट रुंद आहे, पण माझ्या उभ्या आयुष्यात तो मोजक्या वेळा वाहिला. एवढी जागा कशासाठी मोकळी सोडली असेल? आता गावात असं घाटतंय की सांडव्यावर वाळूची पोती रचून अर्धा मीटर पाणी जास्त अडवावं. पाऊस फार झालाच तर गेट उघडून पाटानं पाणी काढून देता येईल. यात काही चूक आहे का?
– एक शेतकरी वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : पोती रचू नका. आटपाडीसारख्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगणं जड जातं. वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहिलेल्या गावाला सांडव्यावरून जाणारं पाणी पाहवणार कसं? शिवाय अर्धा मीटर म्हणजे थोडं नाही. तलाव भरल्यावर पाण्याचा पसारा ३० हेक्टरांचा असेल, तर अर्ध्या मीटरनं दीड लाख घनमीटर, म्हणजे १५ कोटी लिटर पाणी वाढतं. गावाचा मोह खरा आहे आणि त्यामागचा हिशोबही खरा आहे. फक्त तो अर्धाच मांडलेला आहे.

मातीचं धरण पाण्याचा दाब पिढ्यान्‌पिढ्या सोसतं. माथ्यावरून वाहणारं पाणी मात्र त्याला थोडा वेळही सोसत नाही. कृष्णेवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुरात बुडून जातो आणि पूर ओसरला की होता तसा पुन्हा दिसतो, कारण तो दगड-काँक्रीटचा आहे. तुमच्या तलावाच्या भरावाला ते जमणार नाही. माथ्यावर जिथं चार बोटं उतार असेल तिथून पाणी आधी ओलांडतं, खालच्या उतारावर वेग घेतं, पायथ्याशी माती उकरतं आणि ती घळ वर सरकत माथ्यापर्यंत येते. माथ्याला एकदा खाच पडली की सगळा तलाव त्याच खाचेकडे धावतो. ती घटका दोन घटका आधी दिसली तरी त्यानंतर माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. हे कधीच घडू नये एवढ्यासाठी सांडवा असतो. तो तलावाच्या रोजच्या पाण्यासाठी बांधलेला नसतो, त्या एका रात्रीसाठी बांधलेला असतो.

आता तीनशे फूट कशाला, ते पाहू. तुमच्या तलावाचं पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर धरू. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे प्रमुख राहिलेले सर क्लॉड इंग्लिस यांनी मुंबई इलाख्यातल्या पुरांवरून एक सूत्र बसवलं होतं आणि आपल्याकडचे अभियंते ते आजही पहिल्या अंदाजाला वापरतात. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरना १२४ नं गुणायचं, मग त्याच चौरस किलोमीटरांत १०.४ मिळवून त्या बेरजेच्या वर्गमुळानं भागायचं. ५ चौरस किलोमीटरला उत्तर येतं सेकंदाला सुमारे १५८ घनमीटर, म्हणजे साधारण ५,६०० क्युसेक. हे सूत्र घाटमाथ्याच्या पाणलोटांवरून आलेलं आहे. तुमच्या कमी पावसाच्या माणदेशात ते चढा आकडा देतं, म्हणून त्याच्या जोडीला पावसाच्या नोंदींवरून वेगळा हिशोब करतात. तरी समजून घ्यायला हाच आकडा घेऊ.

सांडव्याच्या माथ्यावरून १ मीटर खोल पाणी वाहत असेल, तर रुंद माथ्याच्या साध्या सांडव्याच्या दर मीटर लांबीतून सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर पाणी जातं. १५८ ला १.७ नं भागा : ९३ मीटर. तुमचे तीनशे फूट ते हेच. सांडवा अरुंद ठेवायचा म्हटलं, तर पाणी जास्त खोल वाहू द्यावं लागतं. ५१ मीटर रुंदी पुरवायची तर पाण्याचा थर दीड मीटर हवा, म्हणजे धरण त्या मानानं जास्त उंच बांधायला हवं. लांब सांडवा खोदायचा की उंच भराव घालायचा, ही आखणी करणाऱ्याची मुख्य घालमेल असते. जवळ खडकाची खिंड असेल तर तो सांडवा रुंद करतो. खोदाईत कठीण पाषाण लागून खर्च वाढत असेल तर धरण थोडं उंच करतो.

अशा तलावात सांडव्याच्या माथ्यापासून धरणाच्या माथ्यापर्यंत साधारण २ मीटर मोकळे असतात असं समजू. त्यातला १ मीटर पुराच्या पाण्याचा. उरलेला १ मीटर वाऱ्यानं उठणाऱ्या लाटांचा, काळाच्या ओघात खचणाऱ्या भरावाचा आणि पुराचा अंदाज चुकला तर त्या चुकीचा. तुम्ही अर्धा मीटर पोती रचलीत की हा राखीव मीटर निम्मा झाला. गावात कोणी म्हणेल, अजून अर्धा तर शिल्लक आहे. म्हणून सांडव्यावर जाऊन बघा. वेडी बाभूळ माजलेली असेल. कडेच्या शेताचा बांध आत सरकलेला असेल. तलाव मासेमारीला दिला असेल तर मासे निसटू नयेत म्हणून माथ्यावर आडवी जाळी लावलेली असेल आणि त्या जाळीत पहिल्याच पुराचा पालापाचोळा, ताटं, प्लॅस्टिक अडकून तिची भिंत झालेली असेल. समजा यामुळे सांडव्याची निम्मी रुंदी गेली, साडेसेहेचाळीस मीटर उरली. तेवढ्यातून १५८ घनमीटर काढायला पाण्याचा थर १ मीटर पुरत नाही, १.५९ मीटर लागतो. त्यात पोत्यांचा अर्धा मीटर मिळवा. २.०९ मीटर झाले. धरणाचा माथा २ मीटरवर. नऊ सेंटिमीटर पाणी माथ्यावरून!

तलाव थोडा पूर पोटात घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी याहून काहीसं कमी चढेल. पण ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी माथ्यावर पाडलेली चाकोरी वीस सेंटिमीटर खोल असते. धरणाची उंची त्या चाकोरीच्या तळापर्यंतच मोजायची असते.

राहिला गेटचा मुद्दा. तुमच्या पत्रातली ही समजूत फार ठिकाणी आढळते आणि तीच सर्वांत घातक आहे. विमोचकाचा दरवाजा, ज्याला आपण गेट म्हणतो, तो पिकाला पाणी द्यायला बसवलेला असतो. ६० हेक्टर भिजवणाऱ्या तलावाला पाळीच्या वेळी सेकंदाला ६०-७० लिटर पुरतात. तीस सेंटिमीटर व्यासाचं तोंड, वर ६ मीटर पाणी, गेट पूर्ण उघडं, असं धरलं तरी सेकंदाला साधारण ०.४६ घनमीटर पाणी बाहेर पडेल. पूर १५८ चा आहे. तो गेटमधून काढायचा तर अशी तीनशेहून जास्त गेटं हवीत. दुसऱ्या अंगानं सांगतो : ५ चौरस किलोमीटर रानावरून एका रात्रीत १०० मिलिमीटर पाणी वाहून तलावात आलं, तर तो येवा ५ लाख घनमीटरांचा झाला. एका गेटातून तो निचरायला बारा दिवसांहून अधिक लागतील. ओढ्याचा पूर तासा-दोन तासांत येऊन जातो. मध्यरात्री विजा कडाडत असताना, गंजलेल्या चाकाशी झटायला धरणावर जाणारा माणूस गावाला वाचवू शकणार नाही, उलट त्याचा जीव मात्र धोक्यात पडेल.

सांडवा क्वचित वाहतो हे मात्र तुम्ही बरोबर टिपलंय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आलो की माण, आटपाडी, जतला तो पाचशेच्या आतबाहेर येतो. पाटण-जावळीकडचा तलाव जुलैतच भरून सांडू लागतो आणि पुढे महिनाभर सांडत राहतो. तिथं सांडव्याची परीक्षा दरवर्षी होते, काही बिघडलं असेल तर दिसतं. माणदेशातल्या सांडव्याची परीक्षा पंचवीस वर्षांत एकदा होते, तीही परतीच्या पावसात, रात्री. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस तुमच्या भागातल्या लोकांना आठवत असेल. पोती पाऊस सरताना रचू, असंही कोणी म्हणेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पाऊस सरता सरता पुन्हा बसवतात. ती शिस्त नदीवर चालते. तलावावर सप्टेंबरात पोती रचायची म्हणजे तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या पावसाच्या तोंडावर सांडवा बुजवायचा.

त्यात एक नवी गोष्ट झाली आहे आणि तिच्याकडे गावांचं लक्ष नाही. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी आता आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडच्या तलावांत सोडलं जातं. हे फार मोठं काम झालं आहे. पण पूर्वी मोठा पाऊस आला तेव्हा तलाव रिकामा असे, पहिला पूर तो गिळून टाकी आणि सांडव्याला कामच पडत नसे. आता पावसाच्या आधीच तलाव अर्धा-पाऊण भरलेला असू शकतो. पाऊस तोच, ओढा तोच, तरी सांडवा जास्त वेळा वाहणार. तीस वर्षं कोरडा राहिलेला सांडवा पुढेही कोरडाच राहील, हे गणित या तलावांपुरतं संपलं आहे.

लहान धरणाचा सांडवा भारतीय मानकांप्रमाणे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. याचा अर्थ शंभर वर्षं निर्धास्त राहायचं असा नाही. दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते आणि तलावाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता दहात जवळजवळ चार. गावानं हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

सांडव्याच्या खाली काय आहे, तेही एकदा चालत जाऊन पाहा. आपल्या भागातला खडक काळ्या पाषाणाच्या थरांचा, पण मध्येमध्ये लालसर गेरूचा आणि हाताच्या घणानं फुटणाऱ्या मांजऱ्याचा थर असतो. खोदताना तो कठीण वाटतो. ऊन-पावसात उघडा पडला की दोन-चार वर्षांत त्याचा भुगा होतो. सांडव्यावरून उतरणारं पाणी असा थर खालून कोरत आणतं आणि धबधब्याचा कडा दर पुरात तलावाकडे मागे सरकतो. तो सांडव्याच्या माथ्यापर्यंत पोचला तर भराव शाबूत असतानाही तलाव सांडव्याच्या बाजूनं रिकामा होतो. म्हणून माथ्यावर खडकात खोल रुजवलेली काँक्रीटची आडवी भिंत घालतात आणि कडा पडतो तिथं दगड-काँक्रीटचा पाया करतात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा आपत्कालीन सांडवा १९६८ पासून एकदाही वाहिला नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो पहिल्यांदा वाहिला आणि त्याखालचा उघडा डोंगर इतक्या वेगानं खचत मागे आला, की खालच्या गावांतल्या जवळपास एक लाख ८८ हजार लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. ते अमेरिकेतलं सर्वांत उंच धरण आहे आणि त्यावर चोवीस तास माणसं असतात.

सांडव्यातून उतरणारं पाणी मूळ ओढ्याला मिळेपर्यंतची वाट, म्हणजे पुच्छनाला, धरणाच्या पायथ्याला घासून जाता कामा नये. कित्येक ठिकाणी हा नाला कोणीतरी नांगरून शेतात घेतलेला असतो. सातबारा बघा, जागा संपादित असेल तर ती मोकळी करून घ्या. पोत्यांपेक्षा हे भांडण करण्यासारखं आहे. पोत्यांनी आणखी एक भांडण ओढवतं : जमीन संपादन होतं ते सांडव्याच्या माथ्याच्या हिशोबानं. अर्धा मीटर पाणी चढवलंत तर वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची संपादन न झालेली जमीन बुडेल, आणि तो तुमच्याच गावचा भाऊबंद असेल.

पाणी वाढवायचंच असेल तर वाटा आहेत. गाळ काढा. शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. पण जेसीबी भरावाच्या पायथ्याशी लावू नका, कारण तिथला मातीचा थर पाणी खाली झिरपू देत नाही. तो खरवडलात तर तलाव गळायला लागेल. गाळ पसाऱ्याच्या वरच्या टोकाकडून काढा. पाट कच्चा असेल तर नळातून पाणी न्या. उघड्या चारीत वाटेतच मुरणारं पाणी पोत्यांच्या पाण्याहून कमी नसतं. आणि उंचीच वाढवायची असेल तर धरण, सांडवा, संपादन या तिन्हींची आखणी नव्यानं करून घ्यावी लागते. सातारा शहराला पाणी देणाऱ्या कास तलावाची उंची वाढवली तेव्हा हे सगळं करावं लागलं, त्याला काही वर्षं लागली.

तपासणी कोण करतं, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. केंद्राचा धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांना लागू आहे. गावोगावचे बरेच तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. साठ्यानं लहानच धरण ते, पण वीसच्या आसपास माणसं गेली. म्हणून मे महिन्यात गावानं स्वतः धरणावर फिरून बाभळी तोडाव्यात, माथ्यावरच्या चाकोऱ्या मुरमानं भरून चोपाव्यात, जाळी काढायला लावावी आणि खात्याच्या शाखा अभियंत्याला लेखी पत्र द्यावं. पत्राची पोच घ्या.

प्रश्न : आमच्या तलावाच्या गेटमधून बंद असतानाही पाटाच्या तोंडाशी पाणी येत राहतं. मोरीच्या शेजारी भरावातूनही थोडं पाझरतं. त्यावर खालच्या दोन विहिरी टिकून आहेत, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. हे ठीक आहे ना?
– एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : या दोन गळत्या वेगळ्या आहेत. गेटमधून येणारं पाणी म्हणजे दरवाजाचं रबर झिजलंय किंवा त्याच्या खाचेत दगड अडकलाय. त्यानं पाण्याचं नुकसान होतं. मोरीच्या शेजारून, भरावातून येणारं पाणी ही वेगळी बाब आहे, तिची भीती बाळगावी. विहिरींचा फायदा क्षणभर बाजूला ठेवा.

मातीच्या धरणात सर्वांत नाजूक जागा कोणती असं विचारलं, तर मी मोरी दाखवीन. सलग चोपलेल्या मातीच्या पोटातून काँक्रीटची एक नळी आरपार गेलेली असते. माती दबते, काँक्रीट दबत नाही. त्यामुळे दोघांच्या मधे फट पडायला जागा असते. नळीच्या कडेला मोठा रोलर फिरवता येत नाही, तिथं माती हातानं किंवा लहान यंत्रानं चोपावी लागते आणि घाईच्या कामात नेमकी तीच जागा कच्ची राहते. पाणी अशी फट शोधून काढतं. सुरुवातीला थेंब थेंब, मग मातीचा एकेक कण घेऊन. नळीच्या कडेनं आतल्या आत दुसरी नळी तयार होते.

म्हणून चांगल्या आखणीत मोरी भरावावर टेकवत नाहीत. ओढ्याच्या बाजूच्या काठात, खडकात किंवा घट्ट मुरमात चर खोदून तिथं बसवतात, म्हणजे ती एका जागी खचून मोडत नाही. तिच्या बाजू सरळ उभ्या ठेवण्याऐवजी खाली रुंद, वर अरुंद ठेवतात. मग माती दबत गेली तरी काँक्रीटला अधिकच घट्ट बिलगते. पूर्वी पाण्याची वाट लांबवायला नळीभोवती काँक्रीटच्या पट्ट्या घालत. त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यात माती नीट चोपली जात नाही, असा अनुभव जगभर आल्यावर अलीकडे खालच्या बाजूला मोरीभोवती स्वच्छ वाळूची गाळणी घालण्यावर भर असतो. पाणी येईल तर येऊ दे, माती येता कामा नये, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

गेट कुठं बसवायचं यालाही असाच अर्थ आहे. ते तलावाच्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी, विहिरीसारख्या बुरुजात बसवतात. खालच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवणं सोपं आणि स्वस्त, पण मग भरावाच्या पोटातली सगळी नळी बारा महिने दाबाखाली राहते आणि तिला तडा गेला तर पाणी सरळ भरावात घुसतं. तोंडाशी गेट असेल तर ते बंद करून नळी कोरडी करता येते आणि तिच्यात शिरून पाहता येतं. त्यासाठीच मोरी पाण्याच्या गरजेपेक्षा मोठी, माणूस वाकून आत जाऊ शकेल इतकी ठेवतात.

मोरी किती उंचीवर बसवायची हे गाळावर ठरतं. अगदी तळाशी बसवली तर काही वर्षांत तोंड गाळात बुजतं; फार वर बसवली तर खालचं पाणी पाटाला कधीच येत नाही. तुमच्याच तालुक्यातला मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव गाळानं किती उथळ झाला, हे तुम्ही पाहिलं असेल. मोरीच्या खालचा साठा आखणीतच गाळासाठी सोडून दिलेला असतो. मोरीचं माप मात्र तलाव भरलेला असतानाचं धरत नाहीत. साठा तळाला गेलाय, मोरीवर हातभर पाणी उरलंय आणि टेलच्या शेतकऱ्याची ज्वारी पोटरीत आलीय, त्या दिवशीही पाळीचं पाणी मिळालं पाहिजे, असा हिशोब असतो. तीस सेंटिमीटरच्या तोंडावर तीस सेंटिमीटर पाणी असेल तरी सेकंदाला शंभरेक लिटर येतात. त्यातलं काही नळीतल्या घर्षणात जातं, तरी साठ हेक्टरांना पुरतं.

विमोचक दुर्लक्षिला तर काय होतं, हे महाराष्ट्रानं १२ जुलै १९६१ ला पाहिलं. आंबी नदीवरचं पानशेतचं नवं मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासला फुटलं आणि पुणं बुडालं. पानशेतचा सांडवा त्या दिवशी अपुरा पडला नव्हता. अपुरं होतं ते विमोचकाचं काम. दरवाजे उचलायची यंत्रणा बसलेली नव्हती, दरवाजे अर्धवट उघडे टांगलेले होते. त्याखालून पाणी प्रचंड वेगानं आणि थरथरत जात राहिलं, आणि मोरीच्या वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा धरून ठेवायचा प्रयत्न केला. सकाळी धरण गेलं.

तेव्हा मोरीशेजारून येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला तर त्याच दिवशी खात्याला कळवा आणि तलावाची पातळी उतरवायची मागणी करा. पाणी नितळ असेल तर एका डब्यात ते किती वेळात भरतं याची आठवड्याला नोंद ठेवा, तलावाची पातळीही शेजारी लिहा. पातळी तीच असताना डबा लवकर भरू लागला, तर तेही कळवण्यासारखं आहे. भरावाच्या उतारावर मोरीच्या रेषेत माती खचून खळगा दिसला, तर ग्लासाची वाट पाहू नका. खालच्या वस्तीला सांगा आणि तहसील कार्यालयाला फोन करा.

हे काम गावाच्या आवाक्यात आहे का? सांगली जिल्ह्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं केलं, ते मुक्ती संघर्ष चळवळीतून, नदीतली थोडी वाळू विकून आणि श्रमदानानं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्या बरोबरीनं बसले आणि भूमिहीनांसह सगळ्यांना पाण्याचा वाटा मिळावा असं लोकांनी ठरवलं. डब्यातलं पाणी मोजणं त्याच्या मानानं सोपं आहे.

प्रश्न : कोयना धरणाच्या सांडव्याला दरवाजे आहेत. आमच्या गावच्या तलावाला का नाहीत? असते तर पावसाळ्यानंतर जास्त पाणी साठवता आलं असतं.
– एक विद्यार्थिनी, म्हसवड, ता. माण

उत्तर : दरवाजे लावता येतात, पण ते उघडणारा माणूस, वीज आणि वर किती पाऊस झाला हे सांगणारी व्यवस्था बारा महिने लागते. कोयनेच्या सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे आहेत आणि तिथं हे सगळं आहे. शिवाय कोयनेचं पाणलोट मोठं आहे, पूर येतो आहे हे काही तास आधी कळतं. गावच्या तलावाला अर्धा-एक तासात पूर भिडतो. दरवाजा अडकला तर तो पोत्यांसारखाच. म्हणून लहान तलावाला उघडा, काहीही न हलणारा सांडवा देतात. तुमच्या गावाजवळच्या राजेवाडी तलावासारखी १८७६ च्या दुष्काळानंतरच्या काळातली जुनी कामं आजही टिकून आहेत.

तुझ्या मनात आलेला विचार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो एका मोठ्या माणसालाही सुचला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याला धरण न वाढवता जास्त पाणी साठवायचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले, की पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडेल आणि पुरात त्याहून चढलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजे आपोआप उघडतील. ना माणूस, ना इंजिन. १९०३ मध्ये ते बसले आणि पाण्याची पातळी सुमारे आठ फूट जास्त ठेवता आली. खडकवासल्याचं धरण दगडी होतं आणि दरवाजांची देखभाल करणारं खातं शेजारीच होतं. असे दरवाजे पुढे आणखीही काही धरणांवर बसले. लहान मातीच्या तलावावर आज ते लावायचे तर त्यांची किंमत, वर्षाची देखभाल आणि अडकले तर काय, या तिन्हींचं उत्तर आधी कागदावर मांडावं लागेल. तू विज्ञान शाखेला असशील तर विश्वेश्वरय्यांच्या त्या दरवाजाची लाकडी प्रतिकृती करून पाहा : एक दरवाजा, कप्पी, दोरी आणि दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडणारं वजन. ओढ्यात बांध घालून लावलास, तर पाणी किती चढल्यावर तो उघडतो आणि काडीकचऱ्यानं कुठं अडतो, हे दोन्ही तुला दिसेल.